मगरीपुरता काळा

नीरजा शिर्के सांगते, इथे मगर आहे.
प्रिंटवर बोट ठेवते. बोटाखाली काळं,
बोटाच्या आजूबाजूलाही काळं.
हितेश, दुकानातला पोरगा, मान वाकडी करून बघतो,
"काका, चालशे. नदी तो देखाय छे."

दांडिया बाजारात चाळीस वर्षं हा शब्द ऐकतोय.
लग्नाच्या अल्बमला चालशे, पासपोर्टला चालशे,
हार घालायच्या फोटोला तर काहीही चालशे.
पण ही बाई रात्री दोन वाजता
काळ्या घोड्याच्या पुलाखाली उतरली होती,
विश्वामित्रीच्या गाळात, एका बॅटरीच्या उजेडात.
आणि स्क्रीनवर मला दिसते: पाठ, शेपटीचे दाते,
डोळ्यावरचा उंचवटा.
स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो.
कागद उसना घेतो.

कंपनीने दिलेला प्रोफाइल कंपनीच्या कागदासाठी,
कंपनीच्या शाईसाठी, तिकडच्या हवेसाठी.
माझा कागद कापसाचा, शाई काजळीची,
एकच काजळी, सात बाटल्यांत सात तऱ्हांनी पातळ केलेली,
गवळ्याच्या हिशेबाने.
आणि हवा श्रावणातल्या बडोद्याची,
पिळली तर पाणी निघेल.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून.
नोझल तपासले. तिसऱ्या रांगेत एक रेघ तुटलेली,
साफ केली, परत तुटली, परत साफ केली.
एकवीस चौकोन छापले, कोऱ्यापासून काळ्यापर्यंत,
दर चौकोनाला पाच टक्के शाई जास्त.
हितेशने लगेच मीटर उचललं.
ठेव खाली, म्हटलं. ओला काळा खोटं बोलतो.
उद्या विचारू त्याला.

डार्करूमच्या दिवसांत हेच शिकलो होतो,
लाल दिव्याखाली सगळंच सुंदर.

सकाळी मोजलं. कोरा कागद शहाण्णव.
मग ब्याण्णव, सत्त्याऐंशी, इथवर शिस्तीत,
मधल्या करड्यांना मात्र घाई,
दोन दोन पायऱ्या गाळत सगळे तळाशी.
अठरावा चौकोन: सतरा. एकोणिसावा: सतरा.
विसावा: सतरा.
एकविसावा, सगळी शाई पिऊन, साडेसतरा.
पोट भरल्यावर कागद आणखी काळा होत नाही,
उलट जरासा फिकटतो.
मगर या चार घरांत कुठेतरी होती, दार लावून.

शाई कमी केली. गडद बाटली उशिरा उघडली,
पातळ करड्या लांबवर चालू ठेवल्या,
कर्व्ह वाकवला, छापलं, वाळवलं, मोजलं.
तीन दिवस पंखा बंद. एकोणीस कागद गेले.
एका कागदाची किंमत हितेशला सांगितलेली नाही.

चौथ्या दिवशी सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या,
रेष सरळ, शाळेतल्या पट्टीने आखावी तशी.
नीरजाचा फोटो छापला
आणि मगर वर आली.
अख्खी. दाते मोजता येतील अशी.
मी काही बोललो नाही. चष्मा पुसला.

ती संध्याकाळी आली. प्रिंट खिडकीपाशी नेला,
मग ट्यूबखाली, मग परत खिडकीपाशी.
"दिघेकाका, एवढी नव्हती हो दिसत.
एवढी दिसली असती तर मी पाय
आधीच मागे घेतला असता."
किती लांब होती, मी विचारलं.
तिने टेबलावरचा वाया गेलेला कागद उचलला
आणि आडवा धरला.

आता रेष सरळ आहे आणि मला ती बिघडवायचीय.
अठरा-एकोणीस जवळ सरकवायचे,
विसाव्याला श्वासापुरती जागा.
किती, ते मीटरला माहीत नाही.
मीटर नदीत उतरलेलं नाही.
नीरजा स्टूल ओढून शेजारी बसते:
अजून. अजून थोडी. थांबा.

हितेश चहा आणायला गेलाय.
फाइलला नाव द्यायचं: कापूस, काजळी, श्रावण,
आणि शेवटी, मला शोधताना सापडावं म्हणून,
पाय.